‘निकाली’ निघालेला अर्ज : कोल्हापूर जिल्ह्यातील एका नगरपरिषदेच्या ऑनलाइन सेवेचे प्रकरण

राजारामपुरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंचे सासरचे घर कोल्हापूर जिल्ह्यातील एका नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. काका वारल्यानंतर त्या घरावर वारस म्हणून स्वतःचे आणि दोन्ही मुलांचे नाव लावून घेण्यासाठी त्यांनी मार्च महिन्यात तिथल्या एका ई-सेवा केंद्रातून ऑनलाइन अर्ज भरला होता. जूनमध्ये घरफाळ्याचे (मालमत्ता कराचे) बिल हातात पडले, तेव्हा त्यावर अजून काकांचेच नाव होते. पोचपावतीवरचा अर्ज क्रमांक नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, तर हिरव्या अक्षरांत एकच शब्द उमटला : ‘निकाली’. काकूंनी मला विचारले, “सर, निकाली म्हणजे झालं का हो काम?” मला त्याचे उत्तर देता आले नाही, आणि संकेतस्थळावरही ते कुठे सापडले नाही.

मी महाविद्यालयात लोकप्रशासन शिकवतो. त्याच सुमारास माझे तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी जिल्ह्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांची संकेतस्थळे एका तपासणी यादीवरून पाहत होते, आणि याच नगरपरिषदेच्या संकेतस्थळाला त्यांनी बऱ्यापैकी वरचे गुण दिले होते. ज्या संकेतस्थळाला आम्ही चांगले म्हटले, तिथेच एका साध्या कामाचा तीन महिने पत्ता लागत नसेल, तर आमच्या मोजण्यातच काहीतरी चुकत आहे, असे मला वाटले. म्हणून हे एकच प्रकरण पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत पुन्हा पाहायचे ठरवले. नगरपरिषदेचे नाव मुद्दाम देत नाही. तिथले कर्मचारी आमच्याशी मोकळेपणाने बोलले आहेत, आणि त्यांना दोषी ठरवणे हा या लेखाचा हेतू नाही.

आमची तपासणी यादी मनाने रचलेली नव्हती. केंद्र सरकारच्या प्रशासकीय सुधारणा विभागाने २०१९ पासून राज्यांच्या ई-सेवांचे जे राष्ट्रीय मूल्यमापन सुरू केले, त्यात माहितीची उपलब्धता, वापरातील सुलभता, दिव्यांगांसाठीची सुगमता, सुरक्षितता आणि गोपनीयता यांच्या जोडीला सेवा शेवटपर्यंत ऑनलाइन मिळते का आणि अर्जाचा मागोवा घेता येतो का, हेही निकष आहेत. संयुक्त राष्ट्रसंघ २०१८ पासून शहरांच्या ऑनलाइन सेवांचा निर्देशांक काढतो, पण तो प्रत्येक देशातील सर्वाधिक लोकसंख्येच्या शहराकडे पाहतो. तालुक्याच्या गावातील नगरपरिषदेपर्यंत तो पोहोचत नाही. राज्य सरकारने २०२५ च्या जानेवारीत शासकीय कार्यालयांसाठी १०० दिवसांचा जो सात कलमी कार्यक्रम आखला, त्यातही संकेतस्थळ हा एक मुद्दा होता. या सगळ्यांतून आम्ही प्रश्न घेतले आणि त्यांत माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) मधील, प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबी मिळवल्या. संकेतस्थळावर त्या १७ बाबींची पाने होती, सेवांची यादी होती, प्रत्येक सेवेपुढे मुदत आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याचे, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचे, पद होते, प्रथम व द्वितीय अपिलाचे अधिकारी लिहिलेले होते. १७ बाबींचे पान तीन वर्षांपूर्वीचे होते, आणि कायद्याला ते दरवर्षी अद्ययावत हवे असते, याची आम्ही नोंद केली. त्यापलीकडे बहुतेक रकान्यांत ‘होय’ भरून आम्ही पुढच्या संकेतस्थळाकडे वळलो होतो.

दुसऱ्या फेरीत आम्ही यादी बाजूला ठेवली. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांचाच फोन, त्यांचेच इंटरनेट, आणि शेजारी वही घेऊन मी व माझी एक विद्यार्थिनी. नियम एकच ठेवला : काकू अडल्या तरी आम्ही हात लावायचा नाही, फक्त कुठे अडल्या ते लिहायचे. काकू दहावी शिकलेल्या आहेत, व्हॉट्सअ‍ॅप रोज वापरतात, विजेचे बिल स्वतः भरतात. तेव्हा अडचण आली तर ती त्यांच्या अज्ञानामुळे आली, असे म्हणायला जागा नव्हती.

त्यांनी शोधाच्या चौकटीत पहिला शब्द लिहिला तो ‘घरफाळा’. उत्तर आले : माहिती आढळली नाही. कोल्हापूर भागात मालमत्ता कराला घरफाळा म्हणतात. घरी, चहाच्या टपरीवर आणि नगरपरिषदेच्या कर विभागातील खिडकीवरसुद्धा तोच शब्द चालतो. संकेतस्थळावर मात्र एका जागीही तो नव्हता. त्यानंतर त्यांनी ‘घरावर नाव लावणे’ असे लिहिले. पुन्हा तेच उत्तर. त्यांना हवी असलेली सेवा यादीत होती, पण तिचे नाव होते ‘वारसा हक्काने मालमत्ता हस्तांतरण नोंद प्रमाणपत्र देणे’. हे नाव ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देणाऱ्या लोकसेवा हक्क कायद्याच्या अधिसूचित यादीतले आहे, ते बदलणे नगरपरिषदेच्या हातात नाही, हे मला मान्य आहे. पण त्या नावाखाली ‘घरावर वारसाचे नाव लावणे’ अशी एक ओळ लिहायला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठी सक्तीची करणारा कायदा राज्यात २०२२ मध्ये झाला आणि तो योग्यच आहे. मात्र संकेतस्थळ मराठीत असणे आणि ते लोकांच्या मराठीत असणे यांत केवढे अंतर असते, ते मला त्या टेबलाशी बसल्यावर कळले. आमच्या यादीत ‘मजकूर मराठीत आहे का’ हा प्रश्न होता आणि त्यापुढे आम्ही ‘होय’ लिहिले होते.

आवश्यक कागदपत्रांची यादी एका पीडीएफमध्ये होती. ती फोनवर उघडली, वाचताही आली, पण त्यातील मजकूर जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला होता. असा मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. तो उचलून दुसरीकडे चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग होते. परिणामी तो गूगलला सापडत नाही, संकेतस्थळाच्या स्वतःच्या शोधातही येत नाही. माझ्या वर्गातील एक विद्यार्थिनी दृष्टिहीन आहे आणि एनव्हीडीए हे मोफत वाचन सॉफ्टवेअर वापरते. तिला आम्ही तीच फाईल दिली. तिच्या संगणकाने त्या फाईलचा एकही मराठी शब्द उच्चारला नाही. पुढे अर्जाच्या पानावर चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायची चौकट आली. त्या चौकटीला आवाजाचा पर्याय नव्हता, त्यामुळे या विद्यार्थिनीचे काम तिथेच थांबले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ चा आहे, आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले आहे. आम्ही मात्र अक्षरांचा आकार लहान-मोठा करण्याचे बटण पाहून सुगमतेचे गुण देऊन टाकले होते. ही चूक सर्वस्वी आमची होती.

आता मार्चमधल्या त्या अर्जाकडे येतो. तो काकूंनी स्वतः भरला नव्हता. गावी गेल्या असताना ई-सेवा केंद्रातल्या मुलाने तो भरून दिला होता, आणि आपल्याकडे असे बहुतेकांचे होते. अर्जात मोबाईल क्रमांक लागतो. त्यावर ओटीपी येतो. काकूंचा फोन त्या दिवशी घरी राहिला होता. म्हणून त्या मुलाने स्वतःचा क्रमांक टाकला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते, समोरची रांग हलवायची एवढेच होते. पण त्यानंतर नगरपरिषदेने जो काही निरोप पाठवला तो त्याच्या फोनवर गेला. अर्ज केल्यावर सहाव्या दिवशी ‘प्रतिज्ञापत्राची प्रत अस्पष्ट आहे, सात दिवसांत पूर्तता करावी’ असा संदेश त्याला आला होता. रोज असे कित्येक संदेश ज्याच्या फोनवर येतात, त्याला काकूंना शोधून काढणे जमले नाही. सात दिवस उलटले आणि प्रणालीने अर्ज आपोआप बंद केला. संकेतस्थळावर त्याची स्थिती झाली ‘निकाली’.

इथे कायद्यातील एक तपशील समजून घेतला पाहिजे, कारण सगळे प्रकरण त्यावर फिरते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अर्जदाराला विशिष्ट अर्ज क्रमांक, अर्ज मिळाल्याची तारीख आणि सेवेची मुदत कळवावी लागते. सेवा नाकारायची तर कारणे लेखी द्यावी लागतात. आणि वाजवी कारणाशिवाय कसूर झाल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती, म्हणजे दंड, होऊ शकते. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. मात्र ही मुदत सर्व बाबतींत परिपूर्ण असा अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. अपुऱ्या अर्जासाठी घड्याळ सुरूच होत नाही. ही तरतूद न्याय्य आहे, कारण कागद नसताना अधिकाऱ्याने काम तरी कसे करावे? पण म्हणूनच अर्ज अपुरा आहे हे अर्जदाराला वेळेत आणि नक्की कळणे, ही त्या हक्काची पहिली अट ठरते. काकूंना अपिलाचा हक्क होता. पण अर्ज बंद झाला आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते, त्यामुळे ३० दिवस कधी आले आणि कधी गेले हे त्यांना समजलेच नाही.

नगरपरिषदेच्या मासिक अहवालात हा अर्ज कसा मोजला गेला, हे मी कर विभागात विचारले. ‘प्राप्त’ आणि ‘मुदतीत निकाली’ अशा दोन्ही रकान्यांत तो होता. म्हणजे ज्या बाईचे काम झाले नाही, तिचा अर्ज चांगल्या कामगिरीच्या आकड्यात एकाने भर घालून गेला होता. कोणी हे जाणूनबुजून केले नव्हते. प्रमाणपत्र दिलेला अर्ज, फेटाळलेला अर्ज आणि पूर्तता न झाल्याने बंद पडलेला अर्ज या तिन्हींसाठी सॉफ्टवेअरमध्ये शब्द एकच होता. आम्ही विद्यार्थ्यांसह ‘अर्जाचा मागोवा घेता येतो’ या निकषाला पूर्ण गुण दिले होते, ते याच पानाकडे पाहून. मागोवा घेता येत होता, हे खरेच आहे. हाती काय लागते, ते आम्ही पाहिले नव्हते.

कर विभागातील लिपिकाशी झालेले बोलणे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात काकूंबरोबर मी तिथे गेलो. लिपिकाने ऑनलाइन आलेल्या अर्जांची यादी उघडून दाखवली आणि मग शेजारच्या कपाटातील फाईल काढली. प्रत्येक ऑनलाइन अर्जाची, त्याला जोडलेल्या कागदांसह, छापील प्रत त्या फाईलमध्ये लावलेली होती. “का छापता?” असे विचारल्यावर ते म्हणाले, “सर, ह्या अर्जाचं सॉफ्टवेअर वेगळं आणि आमचं घरफाळ्याचं रजिस्टर वेगळं. हिकडलं तिकडं जात नाही. साहेबांची सही कागदावर होते, मग मी रजिस्टरला नाव टंकतो. वरनं आणि चतुर्थ वार्षिक आकारणीत, म्हणजे दर चार वर्षांनी घरफाळा नव्यानं ठरवतात त्यात, सगळ्यांचे मालमत्ता क्रमांक बदलले. लोक जुन्या बिलावरचा नंबर टाकतात, अर्ज घेणारं सॉफ्टवेअर तो घेतं, आणि इथं आलं की जुळत नाही.” काकूंच्या मार्चच्या अर्जातही जुनाच क्रमांक होता. म्हणजे प्रतिज्ञापत्र स्पष्ट असते तरी पुढे हीच अडचण येणार होती.

याच संकेतस्थळावर घरफाळा भरण्याची सोय मात्र खरोखर चांगली होती, हे लिहिलेच पाहिजे. काकूंनी पहिल्या सहामाहीची रक्कम आमच्यासमोर यूपीआयने भरली. जुना क्रमांक टाकला तरी नवा क्रमांक आपोआप समोर आला, पावती लगेच मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर विचारले तेव्हा नोंदवहीत रक्कम जमा दिसत होती. एकच कार्यालय, एकच मालमत्ता, तेच दोन क्रमांक; तरी एक सेवा शेवटपर्यंत जाते आणि दुसरी मध्येच कागदावर उतरते. कारण विचारले तर साधे निघाले : वसुलीचे उद्दिष्ट दर महिन्याला तपासले जाते, थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती मोजावी लागते, म्हणून कर भरण्याची यंत्रणा नोंदवहीला जोडण्याचे काम कंत्राटात आधीपासून लिहिलेले होते. वारस नोंदीच्या अर्जाबाबत कंत्राटात फक्त ‘अर्ज ऑनलाइन स्वीकारणे’ एवढेच शब्द होते, आणि कंपनीने तेवढेच केले. मला वाटते, स्थानिक संस्थेच्या संकेतस्थळाचे मूल्यमापन करणाऱ्याने त्या संकेतस्थळाइतकेच त्याचे कंत्राट वाचले पाहिजे. माहिती अधिकारात ते मिळू शकते.

कर भरण्याच्या पानावर एक दोष होता. कोणताही मालमत्ता क्रमांक टाकला की मालकाचे पूर्ण नाव, पत्ता, थकबाकी आणि मोबाईल क्रमांक कोणालाही दिसत होता. विद्यार्थ्यांना ही सोय वाटली होती. पण एकट्या राहणाऱ्या विधवा बाईचे नाव, घर आणि फोन अनोळखी माणसासमोर असे उघडे पडणे किती धोक्याचे आहे, हे काकूंच्या चेहऱ्यावर मला दिसले. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे. नाव अर्धे आणि फोनचे शेवटचे दोनच आकडे दाखवून कर भरण्याचे काम तितक्याच सहज होते.

पूरपरिस्थितीच्या पानाबद्दल थोडक्यात सांगतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या या जिल्ह्यात पावसाळ्यात लोक रोज राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी विचारतात. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. या संकेतस्थळावर निवारा केंद्रांची यादी होती, पण ती कोणत्या वर्षाची, हे लिहिलेले नव्हते. त्यातील एका क्रमांकावर फोन केला, तर तो बदली होऊन गेलेल्या कर्मचाऱ्याचा निघाला. आमच्या यादीत ‘आपत्कालीन माहिती आहे का’ याला ‘होय’ होते. अशा माहितीवर तारीख आणि वेळ नसेल, तर ती नसलेलीच बरी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण माणूस तिच्यावर विसंबून घर सोडतो.

आम्ही मुख्याधिकाऱ्यांना दोन पानांचे निवेदन दिले. त्यात गुण नव्हते. काकू कोणत्या पायरीवर, कोणत्या शब्दाला, किती वेळ अडल्या, आणि ती पायरी मोकळी करायला काय लागेल, एवढेच होते. त्यांनी कर निरीक्षक, तो लिपिक आणि संगणकाचे काम पाहणारा तरुण अभियंता यांना बोलावून ते वाचून घेतले. सोपी कामे लवकर झाली. ‘घरफाळा’, ‘नाव लावणे’, ‘उतारा’, ‘दाखला’ असे लोकांच्या तोंडचे शब्द सेवांच्या नावांखाली आले. त्यांची यादी लिपिकाने स्वतः करून दिली, कारण खिडकीवर लोक काय बोलतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. कागदपत्रांची यादी युनिकोडमध्ये पुन्हा टंकली गेली. कर भरण्याच्या पानावर दिसणारा मालकाचा मोबाईल क्रमांक काढून टाकला. अर्जात ‘अर्ज भरून देणाऱ्याचा क्रमांक’ आणि ‘अर्जदाराचा क्रमांक’ असे दोन वेगळे रकाने झाले आणि त्रुटीचा संदेश दोन्हींवर जाऊ लागला. हा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो; ई-सेवा केंद्रातून काम करून घेणाऱ्या प्रत्येक माणसाला त्याचा उपयोग आहे. चित्रातील अक्षरांची चौकट मात्र तशीच आहे, आणि माझ्या त्या विद्यार्थिनीला आजही तिथे दुसऱ्याची मदत घ्यावी लागते.

काकूंनी जुलैमध्ये नवा अर्ज केला, या वेळी स्वतःच्या फोनवरून, नव्या मालमत्ता क्रमांकासह. प्रतिज्ञापत्राचे दुसरे पान पुसट आल्याचा संदेश चौथ्या दिवशी त्यांनाच आला. त्यांनी खिडकीजवळ उजेडात धरून पुन्हा फोटो काढला आणि त्याच संध्याकाळी जोडला. फलकावर १५ दिवसांची मुदत होती, प्रमाणपत्र तेराव्या दिवशी मिळाले. तरी त्या एस.टी.ने गावी जाऊन आल्या, कारण नाव नोंदवहीला लागलेले त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. लिपिकाने पडदा त्यांच्याकडे वळवून तिन्ही नावे दाखवली.

राहिला तो स्थितीदर्शक शब्द. ‘प्रमाणपत्र दिले’, ‘कारणांसह नामंजूर’ आणि ‘पूर्तता न झाल्याने बंद’ अशा तीन स्वतंत्र नोंदी कराव्यात, हे मुख्याधिकाऱ्यांना पटले आणि त्यांनी कंपनीला तसे पत्रही दिले. पण तो बदल कंत्राटाबाहेरचा असल्याने त्याचा खर्च मंजूर होईपर्यंत थांबावे लागेल, असे उत्तर आले आहे. काल संकेतस्थळावर काकूंचे दोन्ही अर्ज क्रमांक टाकून पाहिले. मार्चच्या अर्जापुढे हिरव्या अक्षरांत ‘निकाली’ आहे, आणि जुलैच्या अर्जापुढेही त्याच हिरव्या अक्षरांत ‘निकाली’ आहे.